आर्लिसच्या अंगठ्याचा सेफ्टी ऑफिसर

बायकोला "दुखतंय का गं?" एवढंच विचारून जो नवरा तिथेच थांबतो, तो शहाणा. मी थांबलो नाही. जुलैच्या एका सोमवारी सकाळी कॉफीचा कप उचलताना आर्लिसचा चेहरा कसनुसा झाला. मी विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही." आणि मी (एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर तरी अक्कल यायला हवी होती) म्हणालो, "दाखव बघू." पुढे जे काही झालं ते आमच्या गावात लोक अजून चवीचवीनं सांगतात. म्हणून म्हटलं, माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे निदान थोडं कमी वाईट ऐकाल.

मी डेल्मर ओस्बी. मक्याचे दाणे डब्यात भरायच्या कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. माझ्या कारकिर्दीत एकाही कामगाराचं बोट गेलं नाही. (लाइल बाकेनचं गेलं, पण ते पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीच्या दारात. मी रीतसर चौकशी करून ते सिद्ध केलं होतं.) रिटायर झालो आणि पंचाईत झाली. घरात सुरक्षित ठेवायला कुणी नाही. मुलं शिकागोला, कुत्रा म्हातारा, आणि बायको स्वतःची काळजी स्वतः घेणारी. अशा माणसापुढे देवानं आर्लिसचा अंगठा आणून ठेवला.

अंगठ्याचं मूळ चांगलंच सुजलं होतं. कारण उघड होतं: गोधडी.

आता गोधडी अंगावर घ्यायची असते असं ज्याला वाटतं, त्यानं मिनेसोटात तोंड उघडू नये. आमच्याकडे गोधडी लाकडी चौकटीवर ताणतात, वर्षभर हातानं टाके घालतात, ऑगस्टात जिल्ह्याच्या जत्रेत टांगतात आणि मग पांढऱ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवून देतात. थंडी वाजली तर दुकानातलं ब्लँकेट. आर्लिसची चौकट जानेवारीपासून आमच्या जेवणाच्या टेबलाच्या जागी उभी होती आणि मी जानेवारीपासून वॉशिंग मशीनवर जेवत होतो. (मशीन चालू असेल त्या दिवशी सूप करत नसू.)

पण आर्लिससाठी हा हसण्यावारी न्यायचा विषय नव्हता. जत्रेतली तिची गोधडी नऊ वर्षं दुसरी येत होती. नऊ वर्षं लाल फीत. पहिल्या नंबराची निळी फीत त्यांपैकी सहा वेळा वेल्डा क्विस्टनं नेली. वेल्डा म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण. (दोघी एकमेकींना ख्रिसमसला केक पाठवतात आणि एकमेकींचा केक कुत्र्याला घालतात.) आणि यंदा फिजिओथेरपिस्टनं अंगठा दाबून बघितला, मान हलवली आणि स्पष्टच सांगितलं, "अशाच बसत राहिलात तर ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर हे इतकं बारीक हातकाम विसरा. दर वीस मिनिटांनी उठायचं, मनगट सरळ, खांदे खाली."

परत येताना गाडीत आर्लिस खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "डेल्मर, ही माझी शेवटची हातची गोधडी असेल."

"असं काय बोलतेस!"

"पुढच्या वर्षी हा हात मला ओळख देईल की नाही, ठाऊक नाही. एकदा, फक्त एकदा मला ती निळी फीत हवीय. मग अंगठा गेला तरी चालेल."

तिचा आवाज जरासा कापला. ही बाई बाळंतपणातसुद्धा "थोडंसं अवघडल्यासारखं होतंय" एवढंच म्हणाली होती. मी स्टिअरिंगवर हात आपटून म्हणालो, "फीतही मिळेल आणि अंगठाही राहील. माझ्यावर सोड."

"नको," ती चटकन म्हणाली. पण तोवर मी मनातल्या मनात फॉर्म भरायला घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या घरात सुरक्षा सप्ताह सुरू झाला. खुर्चीखाली ठोकळे घातले. मग पाय टेकेनात, म्हणून पायाखाली ठोकळे घातले. मग चौकट बुटकी पडली, म्हणून चौकटीखाली घातले. शेवटी सगळं पूर्वीसारखंच, फक्त चार इंच वर आणि किंचित डुगडुगतं. भिंतीवर फलक लावला: 'मनगट सरळ. मान ताठ. खांदे खाली.' शेजारी दुसरा फलक: 'अपघाताविना दिवस' आणि पुढे खडूनं आकडा. आणि कारखान्यातून निरोप समारंभात मिळालेली घंटा बाहेर काढली. ती पूर्वी पाचशे माणसांना जेवणाची सुट्टी सांगायची.

"ही घंटा कशाला?" आर्लिसनं विचारलं.

"वीस मिनिटं झाली की वाजणार. सुरक्षेसाठी मी ती अठरावर लावलीय."

"अरे, मला घंटा नकोय. माझी आई हातभर दोरा घ्यायची सुईत. दोरा संपला की उठायचं, चुलीवर कॉफी बघायची, मग नवा दोरा. आमच्यात सगळ्या तसंच करतात. यंदा मी घाईपायी दोन-दोन हात दोरा घेत बसले, तिथेच चुकलं माझं. आता परत हातभर घेईन."

"आर्लिस," मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "दोऱ्यावर कारखाना चालत नाही."

"हा कारखाना नाहीये."

"सगळे अपघातवाले असंच म्हणतात."

ती घंटा आमच्या छोट्या खोलीत पहिल्यांदा वाजली तेव्हा कुत्रा तळघरात जाऊन बसला, तो शुक्रवारी वर आला. आर्लिसची सुई बोटात घुसली. मी फलकावरचा आकडा पुसून शून्य केला. दुसऱ्या वेळी पुन्हा घुसली. पुन्हा शून्य. दहा दिवसांत तो आकडा एकाच्या वर चढला नाही. मी त्याची कारणमीमांसा लिहून काढली: 'कर्मचाऱ्याचं कामात लक्ष नाही.' हे मी तिला वाचून दाखवलं. ती नुसतं "हं" म्हणाली. आमच्याकडच्या बाईचं "हं" दुसरीकडच्या बाईच्या पोलीस तक्रारीएवढं असतं, पण मी उत्साहाच्या भरात होतो.

गोधडीचा मधला भाग आधीच झाला होता; या दहा दिवसांत चार कडांपैकी दोन कडा शिवून झाल्या. जत्रेला राहिले दोन आठवडे. अंगठा मात्र पहिल्यापेक्षा जास्तच सुजला. (दचकून मूठ आवळली की सुजणारच, असं फिजिओथेरपिस्ट म्हणाली. तिला अनुभव कमी.) तिनं आर्लिसला दोन दिवस सुईला हातसुद्धा लावू नका असं बजावलं आणि आर्लिसची बहीण तिला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना आर्लिस दारात थबकली.

"डेल्मर, काही करू नकोस हं."

"छे छे!"

"म्हणजे, काहीच."

आता मला सांगा, बायको हात बांधून तिकडे बसलीय, दोन कडा कोऱ्या पडल्यात, दिवस पळतायत. अशा वेळी माणसानं काय करावं? गेल्या वर्षी ऐन काढणीत ओरिन हॅल्वर्सनचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा कुणी विचारत बसलं नाही. शनिवारी सकाळी चौदा हार्वेस्टर त्याच्या शेतावर येऊन उभे राहिले. संध्याकाळपर्यंत सगळा मका कोठारात. बायकांनी सँडविचं आणली. ओरिन खिडकीत बसून रडला आणि सर्दी झालीय म्हणाला. आमच्याकडे असंच चालतं. शेजारी आडवा पडला की त्याचं शेत आपलं. मग शेतानं काय पुण्य केलंय आणि गोधडीनं काय घोडं मारलंय? मी फोन उचलला.

चर्चच्या तळघरात दर बुधवारी गोधड्या शिवणाऱ्या सहा बायका आहेत. मी सहाही जणींना बोलावलं. वेल्डाला वगळणं शक्य नव्हतं. आमच्या गावात एखादीला वगळलं तर ते थडग्यापर्यंत पुरतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता सहाही जणी आल्या, प्रत्येकीच्या हातात झाकलेला ट्रे. सहा ट्रे भरून गोड वड्या. चौकटीभोवती उभ्या राहून त्यांनी गोधडीकडे बघितलं, मग एकमेकींकडे बघितलं, मग छताकडे.

बर्नाडीन त्यांच्यातली वयानं मोठी. तिनं घसा खाकरला. "आर्लिसला ठाऊक आहे का हे?"

"सरप्राइज आहे! तिला सांगणार नाही, असं वचन द्या," मी म्हणालो.

"हो का. सरप्राइज." ती थांबली. "म्हणजे यंदा ती जत्रेत देणार नाही वाटतं ही."

"देणार तर! त्यासाठीच ना हा सगळा खटाटोप."

"एकटीच्या हातच्या वर्गात?"

"नेहमीचाच वर्ग," मी एक वडी तोंडात टाकत म्हणालो. (नऊ वर्षं मी ती गोधडी जत्रेत पोचवतोय. म्हणजे मंडपाच्या दारापर्यंत. तिथून मी ट्रॅक्टर बघायला जातो. आत कुठले वर्ग असतात, काय नियम असतात, मला काय ठाऊक!)

"बरं," बर्नाडीन म्हणाली. "तीही एक पद्धत झाली."

"वेगळंच आहे, नाही?" दुसरी म्हणाली.

"अगदी वेगळंच," तिसरी म्हणाली.

मी इथेच जन्मलो, इथेच वाढलो. 'वेगळंच आहे' याचा अर्थ आमच्याकडे काय होतो, हे मला कळायला हवं होतं. माझ्या मावशीचा नवरा मोटारसायकलवर बसून नेवाडाच्या नर्तकीबरोबर पळाला, तेव्हा आजी "वेगळंच केलं हं" एवढंच म्हणाली होती. पण माझ्या तोंडात वडी होती आणि मला ती स्तुती वाटली.

वेल्डानं मात्र गोधडीच्या कडेवरून एकदा नजर फिरवली. तिनं शांतपणे अंगुस्तान बोटात चढवलं, सुई ओवली आणि कोपऱ्यात बसली. मग बाकीच्याही बसल्या. तीन तासांत दोन्ही कडा भरल्या! मी कॉफी ओतत फिरत होतो आणि मनगटं सरळ ठेवायच्या सूचना देत होतो. तेवढ्यात वेल्डाचे टाके दिसले आणि मी चमकलो. इंचाला दहा टाके घालणारी ही बाई, आज गव्हाचं पोतं शिवल्यासारखे ढोबळ टाके घालत होती! आता माझ्या लक्षात आलं. जळते! मैत्रिणीची गोधडी मुद्दाम बिघडवतेय! पण पाहुणीला तोंडावर कसं बोलायचं? मी तिला फक्त कॉफी थोडी गार दिली.

शुक्रवारी आर्लिस परत आली. मी तिला डोळे मिटायला लावून चौकटीपाशी आणलं. "उघड!"

तिनं डोळे उघडले. मग कडेवरून बोट फिरवत चालली. "ही बर्नाडीन. ही लोइस, डावखुरी. ही..." कोपऱ्यापाशी ती थांबली, वाकली, टाक्यांकडे अगदी जवळून बघितलं. "ही वेल्डा."

"हस्ताक्षरासारखं ओळखतेस की गं!"

"डेल्मर," ती खुर्चीत बसली. "माझा वर्ग कुठला, ठाऊक आहे? पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एकाच बाईचा हात. दुसऱ्या कुणाचा एक टाका राहिला, एक, तरी गोधडी बाद. फॉर्मवर सही करावी लागते. कुणाचीही मदत घेतली नाही म्हणून."

"पण ओरिनचा मका..."

"मक्याला निळी फीत नव्हती."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त सुजलेला अंगठा दुसऱ्या हातात धरला आणि कोऱ्या नजरेनं त्या कडांकडे बघत राहिली. नऊ वर्षं लाल फीत, शेवटचा हात, आणि नवऱ्यानं सहा बायका बसवून त्यावर पाणी ओतलं. मला स्वतःचीच लाज वाटली. एकतीस वर्षांत मी इतका मोठा अपघात बघितला नव्हता आणि हा तर मीच केला होता.

"मी उसवतो," मी म्हणालो. "एकूण एक टाका. तू माझ्या मागून शिवत ये. मी पुढे उसवीन."

ती माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा एकदा वेल्डाच्या कोपऱ्याकडे बघितलं. का कोण जाणे, तिचा चेहरा थोडा सैलावला. "खालून उसवशील?" तिनं विचारलं. "चौकटीखाली झोपून? म्हणजे मला वर अडचण नको."

"खालून तर खालून!"

"पूर्ण वेळ?"

"वचन देतो."

"बरं," ती म्हणाली. "घंटा पण खाली घेऊन जा. नाहीतर असं कर, गॅरेजमध्येच ठेव. तुझं लक्ष विचलित व्हायला नको."

आणि असा मी चौकटीखाली गेलो. पाठीवर उताणा, चष्मा कपाळावर, हात वर, तोंडात छोटी टॉर्च. कारखान्याचा पहिला नियम: काहीही ओढायचं नाही. म्हणून प्रत्येक टाका मी कात्रीच्या टोकानं वेगळा कापला, चिमट्यानं वेगळा काढला आणि बरणीत ठेवला. एक टाका, मग पुढचा टाका. अकरा दिवस. वर आर्लिसची सुई चालायची, मध्येच थांबायची, ती उठायची, कॉफीचा वास यायचा, पुन्हा सुई. वर कुणाला वेदना होतायत असं वाटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तर ती गुणगुणत होती.

पाचव्या दिवशी कात्री माझ्या बोटात गेली आणि अस्तरावर रक्ताचा थेंब पडला. मी किंचाळलो. आर्लिस गुडघ्यांवर बसून खाली डोकावली.

"थुंक."

"काय?"

"त्या डागावर थुंक. ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी. दुसऱ्या कशानं निघत नाही."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या आजीनं. थुंक लवकर, वाळेल."

उताण्या माणसानं वरच्या दिशेनं थुंकणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं करून बघावं. पहिले तीन प्रयत्न माझ्याच तोंडावर आले. चौथा लागला. डाग निघाला, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

अकराव्या दिवशी शेवटचा टाका निघाला आणि मी चौकटीखालून बाहेर आलो. म्हणजे आर्लिसनं पायाला धरून ओढलं. मान डावीकडे वळून तिथेच राहिली होती, उजवा हात वरच्यावर अडकला होता, जणू मी प्रश्न विचारतोय, आणि अंगठा... माझा अंगठा भोपळ्यासारखा. आर्लिसचा मात्र उतरला होता. आम्ही दोघं फिजिओथेरपिस्टकडे गेलो तर तिनं मलाच पलंगावर घेतलं.

"तुम्ही काय करत होता हो एवढं?" तिनं विचारलं. "मध्ये मध्ये उठायचं असतं, हे कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

आर्लिस खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. (खाली होते, पण हलत होते.)

जत्रेत परीक्षण सगळ्यांसमोर होतं. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेली परीक्षक, हातांत पांढरे हातमोजे, एकेक गोधडी उलगडते, मोठ्यानं मत सांगते. कुणाची कुठली, तिला ठाऊक नसतं. लोक घडीच्या खुर्च्यांवर तोंड मिटून बसतात. मी गळ्यात पट्टा, अंगठ्याला पट्टी, असा आर्लिसच्या शेजारी बसलो होतो. पलीकडे वेल्डा. या बाईनं एक शब्द काढला तर संपलं.

आर्लिसची गोधडी आली. परीक्षकबाईंनी ती आधी समोरून बघितली, मग उलटी केली, मग नाक लावलं. "वा," त्या म्हणाल्या. आमच्याकडे 'वा' म्हणजे तोफांची सलामी. "मधला भाग, अप्रतिम. आता या दोन कडा बघा. टाके सुंदर, पण दर वीतभर अंतरावर ही बाई दचकलीय. हे बघा, इथे. इथे. इथे परत. कुणीतरी हिच्या कानाशी सारखं काहीतरी करतंय."

मी बुटांकडे बघायला लागलो.

"आणि या उरलेल्या दोन कडा. एकदम शांत. एकसारख्या. नवा दोरा, विश्रांती, नवा दोरा." त्यांनी उसासा टाकला. "मला वाटतं, जो कुणी होता तो मध्येच वारला असावा. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो."

आर्लिसनं माझा हात दाबला. दुखरा हात.

"पण," परीक्षकबाईंनी गोधडी उजेडाकडे धरली, "या शांत कडांच्या अस्तराला बारीक काप आहेत. कात्रीचे. हात एकाच बाईचा आहे, यात शंका नाही. पण या गोधडीत आणखी कुणीतरी आहे."

जत्रेच्या गोधडी विभागाच्या प्रमुख म्हणजे इर्मा लिंडगार्ड, आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. त्या फॉर्म घेऊन उभ्या राहिल्या. "ही गोधडी कुणाची, हे आता विचारावं लागेल."

आर्लिस उभी राहिली. पांढरीफटक. ती आयुष्यात खोटं बोललेली नाही. लग्नात पास्टरनं "सुखात आणि दुःखात" म्हणवून घेतलं तेव्हा तिनं "प्रयत्न करीन" म्हटलं होतं. "माझी," ती म्हणाली. "टाके सगळे माझे आहेत. पण माझा नवरा... यात होता."

"नियम स्पष्ट आहे, आर्लिस," इर्माबाई म्हणाल्या. "कुणाचीही मदत चालत नाही. डेल्मरनं मदत केली का?"

"त्यानं सहा जणींना बोलावून टाके घालून घेतले. मग अकरा दिवस चौकटीखाली झोपून ते उसवले."

"म्हणजे मदत केली."

तेवढ्यात वेल्डा उठली. झालं, मी मनात म्हटलं. गार कॉफीचा सूड.

"मला बोलायचंय," वेल्डा म्हणाली. "त्या सहांत मी होते. आम्हाला वर्ग ठाऊक होता. तोंडावर नाही म्हणवेना, आणि सरप्राइज म्हणून त्यानं आमच्याकडून वचन घेतलं. म्हणून आम्ही सगळ्यांनी मोठे कच्चे टाके घातले. गाठ एकीनंही मारली नाही. एका टोकाला धरून ओढलं असतं तर अख्खी कड दोन मिनिटांत मोकळी झाली असती. आर्लिसच्या लक्षात येईल, हे ठाऊक होतं."

"आलं होतं," आर्लिस म्हणाली. "आल्या आल्याच."

मी गर्रकन मान वळवली. (वळली नाही. अख्खा मीच वळलो.) "मग मला अकरा दिवस खाली का झोपवलंस?"

"तू खाली होतास तोवर घंटा बंद होती, डेल्मर."

मागे कुणीतरी फुसकन हसलं. तो ओरिन होता. त्याच्या मक्यासाठी मी त्या दिवशी दहा तास हार्वेस्टर चालवला होता, हे मला आठवलं.

इर्माबाईंनी चष्मा सारखा केला. "म्हणजे प्रश्न एवढाच, की डेल्मरच्या असण्यानं हे काम सोपं झालं, का नाही. आर्लिस, शपथेवर सांग. काही मदत झाली?"

आर्लिसनं माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. तिला माझा कळवळा आला होता, हे मला दिसत होतं. पण निळी फीत इर्माबाईंच्या हातात होती आणि आर्लिस खोटं बोलत नाही.

"नाही," ती म्हणाली. "मदत अशी नाही झाली."

"काडीचीही नाही," वेल्डा म्हणाली. "मी प्रत्यक्ष बघितलंय."

"उलट व्यत्ययच," बर्नाडीन म्हणाली.

लोइस, आणि उरलेल्या तिघी, एकापाठोपाठ एक उठल्या. सगळ्यांचं एकमत. आमच्या चर्चमध्ये गालिच्याच्या रंगावर सुद्धा असं एकमत आजवर झालेलं नाही. परीक्षकबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी जिवंत आहे याचं त्यांना जरा वाईट वाटलं असावं.

आर्लिसला निळी फीत मिळाली. वेल्डाला लाल. वेल्डानं तिला मिठी मारली, दोघी रडल्या आणि दोघींनी सर्दी झालीय असं सांगितलं. मीही रडलो. एवढ्या वर्षांत ती इतकी आनंदात मी बघितली नव्हती, आणि ते घडवून आणण्यात माझा काहीच वाटा नव्हता, हे तर सहा साक्षीदारांनी शपथेवर सिद्ध केलं होतं.

पण इर्माबाई मुख्याध्यापिका. त्यांना प्रत्येक गोष्ट लेखी लागते. उद्या कुणी आक्षेप घेऊ नये म्हणून त्यांनी एका कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'चौकशी पूर्ण. पती: उपस्थित. मदत: शून्य.' खाली सहा सह्या. ते कार्ड फितीच्या खाली टाचलं आणि चार दिवस अख्ख्या जिल्ह्यानं रांग लावून वाचलं.

घरी आल्यावर आर्लिसनं चौकट काढली आणि जेवणाचं टेबल पुन्हा जागेवर आलं. निळी फीत तिनं ड्रॉवरमध्ये ठेवली, रुमालांच्या खाली. कार्ड मात्र फ्रेम करून आणलं. ते माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर लावलंय. मी हल्ली पुन्हा वॉशिंग मशीनवरच जेवतो.